एरंडेल न लावलेले वाल

आई माझ्याशी हिंदीत बोलायला लागली, तेव्हा मला आधी रागच आला. उज्जैनमध्ये तिचा सगळा संसार झाला. दूधवाल्याशी, शेजाऱ्यांशी हिंदी, पण घरच्या माणसाशी मराठीच, हा तिचाच नियम. म्हणजे मी आता घरची राहिले नव्हते. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार.

गेल्या पावसाळ्यात मात्र मोड आलेल्या वालांची परात पुढे ठेवली, की ती सोलता सोलता मराठीवर यायची. मला नावाने हाक मारायची, माझ्या आत्याची उणीदुणी काढायची. यंदाही त्याच आशेवर मी होते. हे कडवे वाल आमच्या घरामागच्या वेलाचे. बी तिने माहेरून आणलेलं. दरवर्षी ऊन दाखवून, एरंडेल चोळून ती ते बरणीत भरायची. या खेपेलाही तिनेच भरले. “एरंडेल लावलंय गं,” असं स्वच्छ मराठीत म्हणाली, म्हणून मी विश्वास ठेवला.

परवा बरणी उघडली तर एरंडेलाचा वासच नाही. तळाशी पीठ आणि त्यात तपकिरी भुंगे, बोट लावलं की मेल्याचं सोंग घेणारे. दाण्यादाण्याला गोल भोक. हे मेले बाहेरून येत नाहीत. शेंग वेलावर असतानाच अंडी घालतात. अळी दाण्यात शिरून आतून खाते आणि वरून दाणा धडधाकट दिसतो. एरंडेल नसलं की चार दाण्यांतले भुंगे सगळी बरणी खातात. आम्ही त्यांना फडकं बांधून, झाकण घट्ट लावून जपलं होतं.

तरी पाण्यात टाकून पाहिले. सगळे तरंगले. वेल उन्हाळ्यातच वाळून गेलेला, त्यामुळे पेरायलाही काही उरलं नाही.

टावर चौकात दुकानदार म्हणाला, “बहनजी, कड़वे वाल इधर कौन खाता है? ये मीठे ले जाओ.” घेतले. भिजवले, मोड आणले, परात आईपुढे ठेवली. तिने एक दाणा बोटांत धरला, दाबला, तोंडात टाकला आणि परात हळूच माझ्याकडे सरकवली.

“आप रहने दो, बहनजी,” ती अदबीने म्हणाली. “मेरी लड़की आती होगी, वो छील देगी.”

मग मीच सोलत बसले.