प्रमाण बरोबर होतं

फळ्यावर मी काढलेलं गटार कोऑर्डिनेटर मॅडमनी स्वतः पुसलं. टिश्यू पेपर घेतला, पुसलं, आणि तो कागद दोन बोटांत धरून टोपलीत टाकला. समोर शाळेचे सगळे शिक्षक बसलेले.

"मैम, ऐसे उदाहरण मत लीजिए. आप महाराष्ट्र से हैं ना, रंगोली ले लीजिए."

लोक हसले. मोठ्याने नाही. मोठ्याने हसले असते तर भांडता आलं असतं.

जयपूरच्या या खाजगी शाळेत मी सातवीला गणित शिकवते. नवा अभ्यासक्रम आला, त्याचं ते प्रशिक्षण. गणित मुलांच्या जगण्यातून शिकवा, असं त्यात लिहिलंय. म्हणून आधी प्रत्येक शिक्षकाने आपल्या घरातलं गणित दाखवायचं होतं. एका मॅडमनी बाटीच्या पिठात तुपाचं प्रमाण किती, ते सांगितलं. एका सरांनी आजोबांच्या हवेलीच्या कमानी काढल्या. टाळ्या पडल्या.

अभ्यासक्रमाच्या त्या कागदावर माझा विश्वास बसला होता. हीच माझी चूक.

माझे बाबा नागपूरला रेल्वे कॉलनीत सफाई कामगार होते. गटारं उपसायचे. फुटलेली पुन्हा बांधताना गवंडी त्यांनाच विचारायचा, उतार किती देऊ? चाळीस फुटाला एक फूट, बाबा सांगायचे. त्याहून कमी दिला तर घाण तुंबते, आणि तुंबली की आत मलाच उतरावं लागतं, म्हणायचे. शाळेत गुणोत्तर आलं तेव्हा मला ते आधीच येत होतं. एवढंच मी फळ्यावर सांगत होते. अर्धं सांगून झालं होतं.

जयपुरातच खातीपुरा भागात आमचं घर, तिथे येऊन नवऱ्याला सांगितलं. तो विमा कंपनीत आहे.

"कायले सांगितलंस? रेल्वेत होते म्हणतो नं आपण. तेवढंच म्हणायचं."

खरं होतं. इतकी वर्षं आम्ही तेवढंच म्हणत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी डबा उघडला. माझ्या थालीपीठावर आधी तुटून पडायच्या सगळ्या. एक म्हणाली, "आज व्रत है." पुढच्या दिवशी दुसरीचं व्रत निघालं. मग मी डबा रिकाम्या वर्गात बसून खायला लागले. कुणी मला हाकललं नव्हतं. मीच उठून गेले. ते जास्त लागलं.

मग पालकांसाठी प्रदर्शन ठरलं. मुलांनी आपापल्या घरातलं गणित तक्त्यावर मांडायचं. माझ्या वर्गात कोमल होती. मोफत कोट्यातली. तिची आई दवाखान्यात फरशी पुसते. कोमलने फिनाइलचं गणित केलं. एका बादलीला दोन झाकणं. नुसतं तसं लिहून थांबली नाही ती पोरगी. एका मगात किती झाकणं पाणी मावतं, ते मोजलं. चाळीस. बादलीत किती मग? बारा. म्हणजे चारशे ऐंशी झाकणं पाण्याला दोन फिनाइल. दोनशे चाळीसला एक. एकक सारखं करून घ्यायचं असतं, हे वर्गात निम्म्या मुलांना अजून कळलेलं नव्हतं. तिचा तक्ता मी दाराजवळ लावला.

कोऑर्डिनेटर मॅडम आल्या. "ये उतार दीजिए. पैरेंट्स आ रहे हैं."

मी उतरवला. माझी नोकरी कायम नाही. स्टुलावर चढले आणि एकेक टाचणी माझ्याच हातांनी काढली. खाली कोमल उभी होती.

"मैम, ग़लत था क्या?"

"नहीं. सही था."

"तो फिर?"

मी टाचण्या डबीत भरत राहिले.

त्या दिवसापासून कोमल फळ्याकडे आली नाही. वहीत नुसते प्रश्न उतरवायची, खाली जागा कोरी. तिच्याकडे बघायचं मी टाळायला लागले.

सत्र संपलं. नव्या प्रगतिपत्रकात प्रकल्पाचा रकाना होता. प्रकल्प केला असं लिहिलं की तक्त्याचा फोटो जोडावा लागतो, आणि ती फाइल तपासणीला जाते. कोऑर्डिनेटर मॅडमचा निरोप आला, फिनाइलचा फोटो फाइलमध्ये नको, कोमलच्या नावापुढे 'नहीं किया' लिहा. मी लिहिलं नाही. प्रिन्सिपलनी बोलावलं.

"दो शब्द की बात है, मैम."

"उसने किया है. मैंने जाँचा है. मैं नहीं लिखूँगी."

नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

झालं काय? माझी सातवी काढून घेतली. मला ग्रंथालयात बसवलं. दुसऱ्या कुणाच्या सहीने कोमलच्या पत्रकावर 'नहीं किया' छापून आलं. तिच्या आईने ते घडी घालून पिशवीत ठेवलं आणि मलाच हात जोडले. माझ्याच्याने काहीही थांबलं नाही.

काल प्रिन्सिपलनी सुचवलं, घरगुती कारण लिहून राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला चांगला देऊ.

घरगुती कारण नाही. मी ते लिहिणार नाही. मी रोज येईन, सही करीन, बसेन. काढायचं असेल तर त्यांनी काढावं. आणि कशासाठी काढलं, ते त्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीनिशी मला द्यावं.