मागच्या सीटवरचा आवाज

मला गाडीतल्या आवाजाचा नाद आहे. अमरावतीच्या कोर्टात बाररूममध्ये बाकीचे वकील केसबद्दल बोलतात, मी स्पीकरबद्दल. आधीच्या छोट्या गाडीला वेगळी डिक्की नव्हती. मागचा सगळा भाग आतच मोकळा, त्यामुळे ढोलकीची थाप पुढं बसणाऱ्याच्या पाठीत बसायची. मग हौसेनं लांब, डिक्कीवाली गाडी घेतली आणि डोकं फिरलं. स्पीकर तेच, गाणी तीच, पण पुढं बसलं की सगळं शेजारच्या घरून आल्यासारखं. कारण साधं होतं. मागचे स्पीकर सीटच्या मागच्या फळीवर, आणि त्यांच्या डोक्यावर उतरती काच. आवाज काचेवर आपटायचा आणि थेट मागं बसणाऱ्याच्या कानात पडायचा. पुढच्याला उरलंसुरलं.

मी चिडचिड करत होतो, तेवढ्यात मायचं ते झालं. माझी आई कानानं पार गेलेली. कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून तिनं कपाटात टाकून दिलेलं. वलगावला एका लग्नाला जाताना ती मागं बसली होती, भजन लागलं होतं, आणि आरशात बघतो तर माय गुडघ्यावर ताल धरून राहिली! म्हणाली, "अठी बसलं का मले सारं आयकू येते."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. त्याच दिवशी मी स्टिरिओवरून जवळजवळ सगळा आवाज मागं वळवून टाकला. पुढच्या स्पीकरला फक्त नावापुरता. आणि बाररूममध्ये सांगत सुटलो, आईसाठी काय केलं बघा म्हणून. स्वतःचीच पाठ थोपटण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

घरात मात्र आम्हाला एक वाईट खोड लागली होती. मायला ऐकू येत नाही, म्हणून तिच्यासमोर वाट्टेल ते बोलायचं. तिच्या खोकल्याचा वैताग, तिच्या पथ्याची कटकट. ती मेथी निवडत बसलेली असायची आणि आम्ही नवराबायको तिच्या डोक्यावरून बोलायचो. मुलीला अभ्यासाला खोली हवी होती. तेही असंच तिच्यासमोर ठरलं. मायला अकोल्याला माझ्या बहिणीकडं नेऊन सोडायचं आणि परत आणायचं नाही. मायला सांगितलं, चार दिवस राहून ये. बहिणीलाही तेच सांगितलं, पुढचं पुढं बघू म्हणून. तेव्हाच लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

निघालो. मूर्तिजापूर मागं पडलं आणि बहिणीचा फोन आला. फोन गाडीला जोडलेला, त्यामुळे तो स्पीकरवरच येतो. मी उचलला आणि मोठ्या हुशारीनं आवाज कमी केला. इतका, की मलाच कान द्यावा लागत होता. मला धड ऐकू येत नाही, तर त्या ठार बहिऱ्या बाईला काय येणार, असा माझा हिशेब. मागं वळवलेला आवाज मी साफ विसरलो होतो.

बहीण तापलेली होती. माझ्या बायकोच्या तोंडून तिला खरं काय ते कळलं होतं. "तू मले चार दिवस म्हणला होता. माह्या घरी कुठी जागा हाय? दिवाईपर्यंत ठेवीन, मंग तुई माय तू घेऊन जाय."

तुई माय. जशी काही ती तिची कोणीच नव्हती. पण मी तरी कुठला शहाणा? मी म्हटलं, दिवाळीचं दिवाळीला बघू, आता दारात तमाशा करू नको, तिला काही माहीत नाही. आणि फोन ठेवून दिला.

भजन आपोआप पुन्हा सुरू झालं. आरशात पाहिलं तर मायचे हात मांडीवर नुसते पडलेले. मला वाटलं, डोळा लागला. पण डोळे उघडे होते. त्यानंतर अकोला येईपर्यंत मी आरशात पाहिलं नाही.

बहिणीच्या घरासमोर गाडी बंद केली. मायनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. राग नाही, रडणं नाही, बाजारातून काही आणायला सांगावं तसं म्हणाली, "चारच लुगडी आणली म्या. दिवाईपर्यंत नाही पुरत. बाकीची आणून देजो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी घाईनं सीटबेल्ट सोडायला लागलो. तोवर ती स्वतःच दार उघडून उतरलीसुद्धा.

बहीण हसतमुखानं फाटकात आली. मायचा हात हातात घेऊन म्हणाली, बरं झालं आलीस, आता निवांत राहा, लवकर जायचं नाव काढू नको.

मायनं कानामागं हात धरला. "काय म्हणतं वं बाई? मोठ्यानं बोल. मले आयकू नाही येत."

बहिणीनं तेच सगळं पुन्हा मोठ्यानं सांगितलं, अगदी गल्लीला ऐकू जाईल असं. माय मान हलवत राहिली. मी डिक्की उघडून तिच्या पिशवीचा बंद उगाचच सोडत आणि बांधत उभा राहिलो.