गाडीला लागते

आमच्या घरात दारूचा थेंब येत नव्हता. वडील होते तेव्हाही नाही आणि ते गेल्यावरही नाही. आई तर खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून मग घ्यायची. अशा घरात मी दर आठवड्याला स्पिरिटचा कॅन चारचौघांदेखत खांद्यावरून आणायचो, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटायचंच नाही. पिणारा मी नव्हतो, माझी मोटरसायकल होती.

हे ऐंशीच्या दशकातलं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मी डाय, म्हणजे साचे, बनवायचं काम करत होतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी पेपर वाचता वाचता म्हणालं, तिकडे ब्राझीलमध्ये गाड्या उसाच्या स्पिरिटवर पळतात. मी म्हटलं, मग आपल्याकडे काय ऊस कमी आहे? त्यावर सगळे हसले. मला कुणी हसलं की माझं डोकं फिरतं, आणि एकदा फिरलं की लवकर जागेवर येत नाही.

माझी गाडी जुनी, चार स्ट्रोकची, दोन हातांतून फिरून आलेली. स्पिरिट पेट्रोलपेक्षा जास्त लागतं, म्हणून कार्बोरेटरच्या जेटचं भोक बारीक ड्रिलने मोठं केलं. फर्निचरच्या पॉलिशसाठी रंगाच्या दुकानात मिळायचं ते जांभळट स्पिरिट आणलं. पोटात गेलं तर डोळे जातील असलं. टाकीत तीन हिस्से ते आणि एक हिस्सा पेट्रोल. पहिल्याच आठवड्यात टाकीतला सगळा जुना गंज सुटून खाली आला आणि रबरी वॉशर पुरीसारखे फुगले. स्वस्त पडतं का, हा प्रश्न मी कुणाला विचारू दिला नाही. पण गाडी पळाली! अंधेरी ते मरोळ अशी झकास पळाली की हसणारे गेटवर येऊन बघत उभे राहिले.

खोड एकच होती. सकाळी थंड असताना बाईसाहेब चालू व्हायच्या नाहीत. मग कार्बोरेटरला फडकं गुंडाळून त्यावर गरम पाणी ओतावं लागे. आई स्टोव्हवर पातेलं चढवायची आणि म्हणायची, "बाळंतिणीला पण एवढा शेक देत नाहीत रे."

आमच्या शेजारच्या गाळ्यात पॅकिंगला एक मुलगी होती. आमचं जमलं होतं. घाटकोपरला राहायची, घर मालवणकडचं, वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन. एका रविवारी घरी खोटं सांगून ती माझ्यामागे बसून मनोरीला आली होती. पलीकडे जाणाऱ्या होडीसाठी मार्व्याच्या धक्क्यावर गाडी लावली तेव्हा गाडीचा वास घेऊन म्हणाली, "हिला लिंबू चोखायला दे, नाहीतर घरचे ओळखतील." मी खूप हसलो. ती हसली नाही.

"ऐक ना," ती म्हणाली, "बाबांना हे कळू देऊ नकोस. ते आधी प्यायचे. आईचं मंगळसूत्र गेलं त्यात. आता माळ घातलीय, पण आमच्याकडे ह्या विषयावर मस्करी चालत नाही. पिणाऱ्याच्या घरात मुलगी देणार नाही, अशी शपथ आहे त्यांची."

मी म्हटलं, मी कुठे पितो? ते तिलाही पटत होतं. मग तिने घरी माझं नाव काढलं आणि बजावलं की बाबा चौकशीला येतील, कधी येतील ते सांगणार नाहीत.

ते रविवारी सकाळी आले, आणि आधी कुठे गेले तर कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात. आमच्या गल्लीत चौकशी करायची तर दुकानदाराएवढा जाणकार दुसरा नव्हता. त्याने माझी तोंडभरून स्तुती केली. सालस मुलगा, आईला धरून राहणारा, आणि दर आठवड्याला न चुकता स्पिरिटचा कॅन नेणारा. इतकं नियमित गिऱ्हाईक त्याच्याकडे दुसरं नव्हतं.

मी त्या वेळी अंगणात होतो. कॅन सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून टाकी भरायला त्यात रबरी नळी सोडली होती. अशी नळी तोंडाने ओढून चालू करावी लागते, आणि त्या दिवशी मी जरा जास्तच ओढली. घोटभर तोंडात आलं. नळीचं टोक टाकीत खुपसलं, पचापचा थुंकलो, चूळ भरली आणि वर बघतो तर पांढरा सदरा, काळी टोपी आणि गळ्यात तुळशीची माळ. कोण ते मला न सांगता कळलं.

"नमस्कार काका," मी म्हटलं, आणि ते एक पाऊल मागे सरले.

"सकाळीच?" त्यांनी विचारलं.

"नाही नाही, ही गाडीला लागते!"

"मीय असाच सांगी," ते म्हणाले. "माका गुडघ्याक चोळूक लागता म्हणान. बायलेक ता खरा वाटायचा."

आई गरम पाण्याचं पातेलं हातात घेऊनच धावत बाहेर आली. माझा मुलगा निर्व्यसनी आहे, सुपारीसुद्धा खात नाही, असं ती सांगत होती, आणि माझ्या तोंडाचा भपकारा तिचं एकेक वाक्य खोटं पाडत होता. वाट लागली होती. ते वळले. फाटकापर्यंत गेले असते तर ती मुलगी माझी कधीच झाली नसती, हे मला लख्ख दिसत होतं. मला खरोखर रडू येत होतं.

"थांबा काका, चालू करून दाखवतो!" मी ओरडलो. टाकीतली नळी उपटून फेकली, आईच्या हातातून पातेलं घेतलं, कार्बोरेटरवर पाणी ओतलं, गाडी ढकलत फाटकाजवळ नेली आणि किकवर उभा राहिलो. एक किक, दुसरी, तिसरी. घामाने निथळलो. मागे फेकलेली नळी वाहतेय, कॅन रिकामा होतोय, याचं भानच नव्हतं.

"अरे मेल्या, तुळशीला दारू पाजलीस!" आई किंचाळली. स्पिरिटचा ओहोळ अंगणातून थेट तुळशीच्या कुंडीकडे निघाला होता आणि ती पायाने तो अडवत होती.

"जाऊ दे गं!" मी मान न वळवता ओरडलो आणि पुन्हा किक मारली. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. सायलेन्सरमधून तो ओळखीचा गोडसर धूर आला. मी विजयाने काकांकडे बघितलं. ते गाडीकडे बघतच नव्हते. ते त्या ओहोळाकडे बघत होते.

मग जवळ येऊन म्हणाले, "बंद कर ती."

मी बंद केली.

"पिणारो माणूस सांडलल्याकडे बघता," ते म्हणाले. "घरात मढा पडलला असला तरी बघता. तू बघूक सुद्धा नाय." आणि मग अगदी खाली आवाजात, "मी बघलंय. इतक्या वर्षांनी. माझो हात पुढे जायत होतो रे."

आईने त्यांना पायरीवर बसवलं आणि चहा दिला. त्यांनी बशीतून चहा प्यायला, आणि जाताना आईला म्हणाले की पुढच्या रविवारी बायका-माणसं घेऊन येतो.

आले. हुंड्याची गोष्ट निघाली तेव्हा आई म्हणाली आम्हाला काही नको. काका म्हणाले, आम्हाला हवंय. त्यांनी खिशातून नवीकोरी तुळशीची माळ काढली, अंगणात जाऊन गाडीच्या हँडलला बांधली आणि म्हणाले, "आजपासून ही माळकरी. हिका परत पाजलंस तर पाप तुझ्या माथी." माझी होणारी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. ब्राझीलने मला माफ करावं. मी त्याच संध्याकाळी पेट्रोलचा, बारीक भोकाचा जेट आणून बसवला.

पुढे सासरे आमच्याकडे आले की आधी माझ्याकडे नाही, गाडीकडे जायचे. टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचे. नुसतं पेट्रोल असायचं. "बरी आसा," म्हणायचे, आणि झाकण लावता लावता दुसरा हात स्वतःच्या गळ्यातल्या माळेवर ठेवायचे.