हिरव्या दिव्याचे नऊ सेकंद

अहिल्याताई सोहोनींना सल्ला द्यायला आवडतो, हे एर्लेनहाइम या जर्मन वस्तीतल्या आम्हा चार मराठी कुटुंबांना वीस वर्षं माहीत होतं. कुणाचा कढीपत्ता बाल्कनीत का जगत नाही, कुणाच्या मुलीने कुठली शाळा घ्यावी, सगळं त्या न विचारता सांगत. त्यामुळे त्या ‘ओर्ट्सबायरात’वर निवडून आल्या तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. त्या स्थानिक मंडळाला कायद्याने सल्ला देण्याचाच अधिकार आहे.

पहिल्याच बैठकीत मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त बेकरीवाले क्रेमर, जुन्या आठवणींत शिरले. एर्लेनहाइम पन्नास वर्षांपूर्वी स्वतंत्र गाव होतं, मग शेजारच्या शहरात विलीन झालं.

“आमचा स्वतःचा महापौर होता. गावाच्या मालकीचा वळूसुद्धा होता!”

“आणि आता?” अहिल्याताईंनी विचारलं.

“आता आपण नऊ जण. शहराला शिफारशी पाठवतो.”

“शहर ऐकतं?”

“पोच देतं,” क्रेमर म्हणाले.

अहिल्याताईंची पहिली शिफारस चर्चसमोरच्या सिग्नलची होती. पायी चालणाऱ्यांसाठी तिथला दिवा जेमतेम नऊ सेकंद हिरवा राही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या हेगेलेबाई चाकांचा वॉकर ढकलत निघत आणि रोज रस्त्याच्या मधोमध अडकत. चार महिन्यांनी शहराचं उत्तर आलं: चालण्याचा प्रमाणित वेग धरूनच वेळ ठरवलेली आहे.

“अगं, नियमात बसतंय म्हणतात ना? मग सोड,” त्यांचे यजमान प्रदीपराव म्हणाले.

“अहो, तो वेग तुमच्या पायांचा. हेगेलेबाईंनी तो कुठून आणायचा?”

त्यांनी दुसरं पत्र लिहून वाहतूक विभागाच्या साहेबांना प्रत्यक्ष पाहणीला बोलावलं. फोग्ट नावाचा तरुण अधिकारी स्टॉपवॉच घेऊन आला. अहिल्याताईंनी ते त्याच्याकडून काढून घेतलं आणि त्याला हेगेलेबाईंच्या शेजारी उभं केलं. दिवा हिरवा झाला, दोघं निघाली. हेगेलेबाईंनी खुब्याच्या ऑपरेशनची हकीकत सुरू केली. ती भूल देण्यापर्यंत आली आणि दिवा लाल झाला. एका ट्रकने जोरात हॉर्न दिला. कानापर्यंत लाल झालेल्या फोग्टने हात वर करून वाहतूक थांबवली आणि बाईंना पलीकडे पोचवलं.

“छान,” हेगेलेबाई म्हणाल्या, “अशी सोबत रोज मिळणार असेल, तर माझी काही तक्रार नाही.”

दीड महिन्यात दिवा पंधरा सेकंद हिरवा राहू लागला. शहराचं पत्र वाचताना क्रेमर मध्येच थांबले आणि त्यांनी चष्मा पुसला. अकरा वर्षांत शहराने पहिल्यांदा ‘हो’ म्हटलं होतं. अहिल्याताईंनी त्या संध्याकाळी कुणालाच सल्ला दिला नाही. त्यांच्या बाबतीत हे फार दुर्मिळ.

पुढच्या बैठकीत सिग्नलविरुद्ध एक लेखी तक्रार आली. सकाळी गाड्यांची रांग लागते, डार्मश्टाटला ऑफिसात पोचायला उशीर होतो. खाली सही होती: प्रदीप सोहोनी.

नात्यातला विषय म्हणून नियमाप्रमाणे अहिल्याताईंना बाहेर जावं लागलं. दहा मिनिटं त्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होत्या. शेवटी क्रेमरांनी दार उघडलं. तक्रार आठ विरुद्ध शून्य मतांनी फेटाळली होती.

घरी प्रदीपराव वरणभात वाढून घेत होते. “काय झालं गं?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“उद्यापासून जरा लवकर निघत जा,” अहिल्याताई म्हणाल्या, आणि त्यांच्या पानात तूप वाढलं.