नाथा मढवीची अगरबत्ती

सागरदीप सोसायटीच्या भिंतीला टेकून नाथा मढवीचा पत्रा होता. पत्रा म्हणजे त्याचं गॅरेजच. चार बांबू, वर गंजलेलं छप्पर, आत एक बाकडं आणि मागच्या बांबूवर देवाची धुरकटलेली तसबीर. सोसायटी उभी होती ती सगळी जागा एके काळी नाथाच्या बापाचं भाताचं शेत. बापाने ते विकलं तेव्हा नाथा दहिसरच्या एका गॅरेजात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये बुडालेला होता. पुढे आपलं काम काढायला तो खारी गावात परतला, तेव्हा शेतापैकी सोसायटीचं गेट आणि गटार यांच्यामधली पट्टी तेवढी उरली होती.

त्र्याण्णव सालच्या एका रविवारी तीही जाण्याची वेळ आली.

सकाळी दहाला सोसायटीचे सेक्रेटरी उत्तम नाचणेकर गाडी ढकलत गेटबाहेर आले. ढकलत होता वॉचमन. नाचणेकर आत स्टिअरिंग धरून बसले होते आणि तिथूनच ओरडत होते.

“नाथा! बाहेर ये! बघ काय करून ठेवलंयस!”

मेहुण्याने मस्कतहून आणलेली, एकोणऐंशी सालची जपानी गाडी ती. दीड महिन्यापूर्वी नाथाने तिचा कार्बोरेटर साफ केला होता. आता आठवडाभर गाडीचं एकच रडगाणं चाललं होतं. रेसवरून पाय उचलला की बंद.

“तू हात लावलास आणि गाडी मेली.”

“साहेब, मधी महिनाभर झ्याक पलाली ना?”

“उलट बोलू नकोस! कमिटीत ठराव झालाय, गेटसमोर हा उकिरडा नको म्हणून. बारापर्यंत गाडी सुरू झाली नाही तर पत्रा उचलायचा.”

“आनि झाली तर?”

नाचणेकरांनी वर पाहिलं. रविवार असल्याने तिन्ही मजल्यांच्या बाल्कन्या भरल्या होत्या. नाटक हाऊसफुल्ल होतं, आणि खलनायक कोण ते प्रेक्षकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. “झाली तर राहील तुझा पत्रा,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “सगळे ऐकतायत.”

पत्र्याच्या सावलीत नाथाची बायको दुर्गा सुकट निवडत बसली होती. “शेत घेतलं, आता पत्रा घेतात,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. “उद्या बोलतील, सावली पन आमची.”

नाथाने बॉनेट उघडलं, वॉचमनला आत बसवून गाडी सुरू करायला लावली. पाय उचलला की इंजिन थरथरायचं, आवाज चढायचा, उतरायचा आणि धाप लागल्यासारखं सगळं थांबायचं.

“गाडी हवा खाते,” नाथा म्हणाला.

“अरे, हवा खायलाच घेतलीय! पोरांना गोराईला नेतो ते काय खायला?”

पहिला मजला खदखदून हसला. नाथा हसला नाही. इंजिन चालताना आतून हवा ओढतं. त्या ओढीवर काम करणाऱ्या बारीक रबरी नळ्या या गाडीत डझनभर होत्या, वेलीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. एखादी कुठे चिरली की बाहेरची हवा चोरून आत शिरते आणि इंजिनाचा तोल जातो. नाथाने एकेक नळी चिमटीत दाबून पाहिली. मग कानाला रबरी नळीचा तुकडा लावून फुसफुस शोधत राहिला.

“डॉक्टर, बाळाचे ठोके बरे आहेत ना?” दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं.

“साबणाचं पाणी मार, बुडबुडे येतील,” नाचणेकरांनी अक्कल शिकवली.

“ही काय सायकलची ट्यूब हाय? इथं हवा भायेर येत न्हाय, आत जाते. बुडबुडा कसा येल?”

साडेअकरा वाजले. पंख्याच्या घरघरीत फुसफुस सापडेना. नाथाने कुठे पेट्रोल ओलावलेलं नाही ना, ते बोटांनी नीट चाचपलं, पंख्यापुढे पुठ्ठा धरला आणि मागे न बघता म्हणाला, “दुर्गे, अगरबत्ती लाव.”

अगरबत्ती बॉनेटवर आली आणि बाल्कन्यांमध्ये हलकल्लोळ झाला.

“बंद कर!” नाचणेकर लाल झाले. “माझ्या गाडीला ओवाळतोस? भगत आहेस का तू? मी दर गणपतीत घसा फोडून सांगतोय, अंधश्रद्धा सोडा!” ते खोटं नव्हतं. वॉचमनने गेटवर टांगलेलं लिंबू-मिरची त्यांनी भर सभेत तोडून गटारात फेकलं होतं.

“पूजा न्हाय, साहेब. हवा कुठं जाते, ते धूर सांगल.”

धूर सरळ वर चढत होता. नाथाने अगरबत्ती नळ्यांवरून हळूहळू फिरवली. इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात धुराची रेघ अचानक वाकली आणि खाली ओढली जाऊन दिसेनाशी झाली. नाथाने तिथे हात घातला. हाताला तार लागली. करकचून आवळलेल्या तारेने नळी अर्धी कापली होती, आणि तारेला लोंबत होतं सुकून काळं पडलेलं लिंबू, खाली सात मिरच्या.

दीड महिन्यापूर्वी ते तिथे नव्हतं. नाथाने डाव्या दरवाजावरचा ताजा ओरखडा पाहिला. काशिमिऱ्याला ट्रक घासल्याचं सगळ्या सोसायटीला माहीत होतं. त्याने मान वर केली, तर नाचणेकर बाल्कन्यांकडे पाठ करून, हात पसरून, बॉनेटला अगदी चिकटून उभे. चेहरा पिठासारखा.

“ट्रक घासला तवा बांधलं?”

“हळू बोल,” नाचणेकर पुटपुटले.

वरून त्यांच्या पत्नी शैलाताईंनी विचारलं, “अहो, काय सापडलं?”

नाथाने तारेसकट लिंबू मुठीत घेतलं होतं. मूठ उघडायचीच काय ती बाकी होती. नाथाने ती उघडली नाही. “नली फाटली, वहिनी. तारेनं कापली.”

“तार कोणी बांधली?”

“ते साहेबांना इचारा.”

“जुनी गाडी आहे, असेल काहीतरी!” नाचणेकर ओरडले.

नाथाने नळीचा कापलेला तुकडा काढला आणि डब्यातला नवा बसवला. वॉचमनने पाय उचलला, आणि इंजिन एकाच सुरात गुणगुणत राहिलं. बाराला दहा कमी होते. वरून टाळी आली नाही, आणि आभार तर नाहीतच.

“ते दे इकडे,” नाचणेकर दात-ओठ खात म्हणाले.

“काय देऊ? तुमी तर मानत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी ते लिंबू पत्र्याच्या पुढच्या बांबूवर टांगलेलं होतं, बरोबर गेटसमोर. कमिटीत पत्र्याचा ठराव पुन्हा निघाला नाही. नाचणेकर गाडी हायवेवरच्या गॅरेजात नेऊ लागले, आणि नाथाशी मरेपर्यंत बोलले नाहीत. रोज सकाळी गेटातून निघताना मात्र त्यांची मान आपोआप दुसरीकडे वळायची.

“नाथा, तूही असलं मानतोस?” येणारे-जाणारे विचारत.

“मी न्हाय मानत,” नाथा पाना पुसत म्हणे. “मानतो त्याच्यासाठी टांगलाय.”