रंगाच्या पाण्याचं कॉलेज

दुर्ग स्टेशनवर बाबा मला सोडायला आले ते सरळ पहिल्या पाळीवरून. अंघोळीला वेळ नव्हता. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर आहेत, त्यामुळे कपड्यांना डांबराचा आणि जळक्या कोळशाचा वास, आणि पायात प्लांटचे जड बूट. माझी बॅग सीटखाली सारत असताना समोरच्या बाईनं नाकाला पदर लावला. मला तिचा राग आला, आणि खरं सांगायचं तर बाबांचीही थोडी लाज वाटली. बाबांचं दोन्हीकडे लक्ष नव्हतं. ते त्या बाईच्या नवऱ्याला अभिमानानं सांगत होते, "पोरगी ट्रेनिंगले चालली, पुन्याले." कसलं ट्रेनिंग हे त्यानं विचारलं नाही, आणि बाबांनीही सांगितलं नाही.

आईनं डब्यात ठेठरी-खुरमी भरून दिली होती. आम्ही मूळचे गोंदियाकडचे, पण ठेठरी तिनं शेजारच्या छत्तीसगढी बाईकडून शिकून घेतलेली. डब्याबरोबर तिनं एक वाक्यही बांधून दिलं होतं. "कोनी विचारलं त होटल लाईन म्हनजो. बार-गीर तोंडातून काहाडू नोको."

तर, मी बार-गीर शिकायला निघाले होते. बारटेंडिंगच्या कॉलेजात.

हे लिहायचं कारण असं, की भिलाईच्या सेक्टरांतल्या, नंदिनी नगरच्या, उतईच्या मुली मला फोनवर एकच गोष्ट विचारतात. दीदी, कोर्स करूं क्या? फायदा है? दर वेळी माझं तोंड कडू होतं, आणि दर वेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवते. आज नीट सांगते. ज्या भिलाईतच राहिल्या त्यांच्यासाठी, आणि ज्या माझ्यासारख्या गेल्या आणि खोटं हसत फोटो टाकतात त्यांच्यासाठीही.

मला हे वेड लागलं ते सिव्हिक सेंटरजवळच्या एका लग्नात. मॉकटेलच्या काउंटरवर एक मुलगी एकटी उभी होती. समोर वऱ्हाडाची झुंबड, प्रत्येकाला आधी हवं, आणि ही शांतपणे लिंबू कापते, बर्फ टाकते, हलवते, पुढे सरकवते. तिच्याशी कोणी वाकडं बोलत नव्हतं. बी.कॉम. होऊन मी घरात बसलेली, आणि पाहुणे येऊन मला पोहे आणायला लावत. मला तिचा हेवा वाटला. गर्दी ओसरल्यावर मी तिला गाठलं. ती पुण्याहून आली होती; म्हणाली, पुण्याला ये, एखाद्या बारमध्ये ग्लास धुण्यापासून सुरुवात कर, वर्षभरात काउंटरवर येशील. कॉलेज-बिलेज काही लागत नाही.

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. चूक झाली.

बाहेरच्यांना कळणार नाही, पण भिलाईत माणसं दोनच जातींची असतात, रेग्युलर आणि ठेक्यावरची. एकाच भट्टीपुढं उभी राहतात, एकाच धुरात खोकतात, पण एकाला राहायला कंपनीचं क्वार्टर मिळतं आणि दुसऱ्याला मिळत नाही. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न तोच असतो. आणि रेग्युलर व्हायचं तर आधी ट्रेनिंग, मग परीक्षा, मग पोस्टिंग. बाबांचं सगळं आयुष्य या तीन पायऱ्यांवर उभं होतं. बारचं नाव ऐकून ते जेवढे भडकले नाहीत तेवढे ग्लास धुण्याचं ऐकून भडकले. "बिना ट्रेनिंगची म्हंजे ठेक्यावरची," ते म्हणाले. "माही पोरगी ठेक्यावर नाई जाईन. कालेज असन त सांग."

कॉलेज होतं. कॉलेजं पुष्कळ आहेत. ज्या दिवशी मी माहितीपत्रकावरचा कोट घातलेला शिक्षक आणि ओळीनं उभे गणवेशातले विद्यार्थी दाखवले, त्या दिवशी बाबांचा चेहरा निवळला. त्यांना ते प्लांटच्या ट्रेनिंग सेंटरसारखं दिसलं. ज्या गोष्टीचं सेंटर असतं ती वाईट कशी असेल?

ते कॉलेज म्हणजे मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नाव त्याचं घेत नाही, त्याची तेवढीही लायकी नाही. आत शिरलं की भपकन अत्तर आणि घाम एकत्र नाकात जायचा. तो आमच्या सरांचा वास. भर उन्हाळ्यात जाकीट घालून ते शिकवायचे. भिंतीवर जगभरच्या दारूच्या बाटल्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीत रंगाचं पाणी. व्हिस्की म्हणजे चहाचं पाणी, रम म्हणजे जास्त उकळलेलं चहाचं पाणी. काही बाटल्यांत ते पाणी इतकं जुनं होतं की तळाशी शेवाळ धरलं होतं. आम्ही ते मापात ओतायचो, हलवायचो, सजवायचो आणि मोरीत फेकायचो. चव घ्यायची नाही, कारण चव नव्हतीच. वास घ्यायचा नाही, कारण वास आला तर ओकारी यायची. रोज एक तास प्लास्टिकची बाटली हवेत उडवून पाठीमागं झेलायची. डोंबाऱ्याच्या खेळातही निदान दोरी खरी असते.

लिंबू मी तिथं एकदाही कापलं नाही. बर्फ कधी आला नाही. तिसऱ्याच दिवशी माझा फोटो मात्र काढला. जाकीट सरांच्या नातेवाइकाचं, हातात दारू हलवायचं भांडं, शेकर, तोही रिकामा, आणि सर ओरडताहेत, स्माइल, स्माइल. मुलगी असल्यामुळे फोटो माझाच हवा होता. तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

कोर्स संपला आणि बाबांचा फोन आला. "पोस्टिंग कुठी भेटली?" त्यांचा हिशेब सरळ होता, ट्रेनिंगनंतर पोस्टिंग येतेच. आमची पोस्टिंग म्हणजे सरांच्या ओळखीच्या लोकांची लग्नं. मुलांना क्रेट उचलायला उभं करायचे आणि मुलींना घट्ट ड्रेस घालून दारात ट्रे घेऊन. तिथं एका पाहुण्यानं ग्लास घेताना मुद्दाम माझी बोटं धरून ठेवली. मी सरांकडं पाहिलं. सर हसले आणि म्हणाले, हॉस्पिटॅलिटी है, ॲडजस्ट करो. त्या माणसापेक्षा सरांच्या त्या हसण्याची शिसारी अजून जात नाही. मी ट्रे तिथंच जमिनीवर ठेवला आणि चालती झाले. बाबांना सांगितलं, पोस्टिंग झाली, मोठं हॉटेल आहे.

मग मी तेच केलं जे त्या लग्नातल्या मुलीनं सांगितलं होतं. एका बारच्या मागच्या दारानं आत गेले आणि म्हटलं, ग्लास धुते. कॉलेजचं सांगितलं तेव्हा तिथली जुनी मंडळी इतकी हसली की मी पुन्हा कधी ते नाव काढलं नाही. पाण्यावर शिकलेल्यांना ते मासे म्हणत.

बारची मागची बाजू तुम्हाला कोणी दाखवत नाही, म्हणून मी दाखवते. काउंटरखालच्या रबराच्या जाळीत रात्रभर सांडलेली बिअर आंबते, आणि सकाळी ती जाळी उचलली की जो भपकारा येतो तो नाकातून दुपारपर्यंत जात नाही. मोरीच्या तोंडाशी चिलटं. चेरीच्या पाकात मुंग्या. ग्लासात बुडवलेल्या सिगारेटी, चावलेले स्ट्रॉ, नाक पुसून कोंबलेले टिश्यू. गुटख्याची पिंक असलेला ग्लास पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी मोरीवर वाकून ओकले, आणि मग ती मोरीही मीच धुतली. लिंबं कापून कापून बोटांच्या भेगांत रस चरचरायचा. पण याच घाणीत मी शिकले. कोणती बाटली कशी वाहते, कोणाला पुढचा पेग द्यायचा नाही, आणि हात पुढं करणाऱ्याला नजरेनं कसं थांबवायचं. वर्षाला थोडे दिवस कमी असतील, तेव्हा मी काउंटरवर आले.

भिलाईच्या घरी बाबांच्या कपड्यांची बादली वेगळी असायची. लाल, कडीला तार गुंडाळलेली. त्या बादलीत आमचे कपडे कधी पडत नसत. पुण्यात मी खोलीवर पहिली वस्तू आणली ती बादली. बारचे कपडे मी वेगळेच धुते. 

निवडणूक आली की मला सुट्टी मिळते, बार बंद असतात. दिवाळी आणि वर्षाखेर आमच्यासाठी नसतेच. अशीच मागच्या निवडणुकीत मी भिलाईला, सेक्टर दोनच्या घरी आले. घाईत कामाचा काळा शर्ट बॅगेत तसाच आला होता, छातीवर बारच्या नावाचं भरतकाम असलेला. आईनं तो दोन बोटांनी उचलला, वास घेतला, धुतला आणि न्हाणीत आतल्या खुंटीवर टाकला. बाहेर तार मोकळी होती. बाहेर टाकला असता तर ते नाव लोकांनी वाचलं असतं.

त्याच संध्याकाळी भेंडारकरकाका आले, वरच्या क्वार्टरमधले. बाबांच्याच बॅटरीवर, म्हणजे भट्ट्यांच्या त्याच रांगेवर कामाला. बरोबर त्यांची स्वाती. मी तिला फ्रॉकात पाहिलेली, आता तीही बी.कॉम. होऊन घरात बसली होती आणि तिरोड्याचा एक मुलगा तिला पाहून गेला होता. काकांनी फोन माझ्यापुढं धरला. त्यावर मी होते. तेच जाकीट, तोच रिकामा शेकर, तेच हसू, आणि खाली हिंदीत लिहिलेलं की आमची विद्यार्थिनी आज पंचतारांकितमध्ये. कॉलेज अजून माझा फोटो विकत होतं. 

"तुह्याच कालेजात टाकाव म्हन्तो," काका म्हणाले. "पोट्टी ऐकूनच नाई राहिली. ट्रेनिंग करन त मंग तिरोड्यावाल्याले थांबवू, नाईतर लगन." बारचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांनाही होटल लाईनच ठाऊक होती.

स्वाती माझ्याकडं एकटक बघत होती. ती नजर मी ओळखली, आरशात पाहिलेली होती. आणि तिथंच माझी कोंडी झाली. कॉलेज बेकार आहे म्हणावं तर काका उठून जातील आणि हिचं लग्न लागेल. चांगलं आहे म्हणावं तर ही शेवाळलेलं पाणी ओतेल आणि एखाद्या लग्नाच्या दारात ट्रे घेऊन उभी राहील, माझ्या फोटोवर विश्वास ठेवून. बारटेंडर व्हायला ते कॉलेज कवडीच्या कामाचं नव्हतं. पण त्या कॉलेजाशिवाय मला दुर्ग स्टेशनपर्यंतही कोणी सोडलं नसतं. माझा गेटपास होता तो. ही गोष्ट मी इतकी वर्षं स्वतःशीही नीट बोलले नव्हते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मान हलवत होती, नको म्हणून. मी तिच्याकडं पाहायचं टाळलं.

"काका, थ्या कालेजात काईच नाई शिकवत," मी म्हटलं. "बाटलीत रंगाचं पानी रायते. म्या जे शिकली थे बारमंधी ग्लास धुवून शिकली. मी बारमंधीच काम करते, होटलात नाई. स्वातीले यायचं असन त मी नेते. माह्या खोलीवर राहीन, माह्याच संग कामाले लागन. पयले ग्लास धुवा लागन."

काकांचा चेहरा उतरला. ते माझ्याशी बोललेच नाहीत, बाबांकडं वळले. ना कॉलेज, ना ट्रेनिंग, सरळ ग्लास धुवायला आणि तेही बारमध्ये, असं कसं चालेल, तूच सांग, असं ते म्हणत राहिले. त्यांच्या आवाजात राग कमी होता आणि भीती जास्त. मी बाबांकडं पाहिलं नाही. मला वाटलं, आता ते तीच तीन पायऱ्यांची गोष्ट सांगतील.

बाबा बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले होते.

"माही पोरगी बारमंधी काम करते, भेंडारकर," ते म्हणाले. "मले कधीचं मालूम हाय. अन् थे कालेज तिच्यासाठी नोयतं. थे माह्यासाठी होतं. म्या तिले बिना कालेजची जाऊच देल्ली नसती."

काका चहा न घेता उठले, आणि स्वातीही त्यांच्या मागून गेली.

शेवटी स्वाती पुण्याला आली. महिनाभर घरात रडारड झाल्यावर काकांनीच तिला गाडीत बसवून दिलं. पहिल्या आठवड्यात तीही त्याच मोरीवर ओकली. बोटं चरचरतात म्हणून रोज कुरकुरते, आमच्या कामाला शिव्या घालते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंबं कापते. लिंबं बरी कापते. कॉलेजला मी फोटो काढून टाका म्हणून तीनदा फोन केला, सर तसेच हसले. म्हणून इथं लिहिते आहे. तो शेकर रिकामा होता, मुलींनो.

आणि आमच्या बापांनो, मुलीला सोडायला तुम्हाला कॉलेजाचंच निमित्त हवं असेल, तर ते निमित्त तुमचं आहे एवढं तरी तिला सांगा.

घर म्हणजे काय हे मला कोणी विचारलं, तर काका चहा न घेता उठून गेले, त्याच्या दुसऱ्या सकाळचं मी सांगते. मी उठले तेव्हा बाबा पाळीला गेले होते. न्हाणीत खुंटी रिकामी होती. आईनं माझा काळा शर्ट रात्रीच लाल बादलीत बाबांच्या कपड्यांबरोबर भिजवला होता, पुन्हा एकदा. मी दार उघडलं तर तो बाहेर तारेवर वाळत होता, बाबांच्या खाकीशेजारी, भरतकामाची बाजू रस्त्याकडं करून. आई तारेखालीच ओसरीत भाजी निवडत बसली होती. येणारीजाणारी माणसं मान वर करून बघत होती, आणि तिनं शर्ट उलटा केला नाही.