तीन खुर्च्यांचं हक्काचं ऑफिस

सरकारी ऑफिसात फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, तसा नियमच आहे. किस्स्यांना असा नियम नाही, त्यामुळे ते नुसते साठत जातात! धुळ्याच्या ज्या ऑफिसात मी कारकून होतो, तिथं तर फायलींपेक्षा किस्सेच जास्त झाले.

राज्यघटना नुकतीच लागू झाली होती. कुणाला जातीवरून पाणी, शाळा, हॉटेल नाकारलं, कुणाकडून वेठबिगारी करून घेतली, तर तक्रार आमच्याकडे. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, दोन्ही जिल्हे आमच्याच गळ्यात. माणसं मोजून तीन: तायडे साहेब, शिपाई करीमभाई आणि मी. साहेब स्वतः गावकुसाबाहेरच्या वस्तीतून शिकून वर आलेले. कडक इस्त्रीचा कोट, आणि आवाज एवढा हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं.

लोक आम्हाला 'हक्काचं ऑफिस' म्हणायचे.

*

पहिल्याच महिन्यात दोंडाईच्याकडचे एक आबा आले. खांद्यावर रिकामी थैली.

"आठे हक्क भेटस म्हने ना? मी थैली लयेल शे."

हक्क न्यायला थैली आणलेली! मला हसू फुटलं. करीमभाईंनी मात्र त्यांना खुर्ची दिली. "आबा, थैलीत मावायचा नाही तो, फार मोठा असतो! बसा, आधी पाणी घ्या."

करीमभाईंनी आमच्याच माठातलं पाणी आमच्याच पेल्यात पुढे केलं. आबा पेल्याकडे बघतच राहिले.

"हाईज मांगाले उनू मी!" म्हणाले. हेच मागायला तर आले होते ते!

माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

*

आबांच्या गावात एकच विहीर, आणि आबांच्या वस्तीला तिथं बंदी. आम्ही गावात गेलो. पोलीस पाटील तयारीतच होते. "विहीर सगळ्यांना खुली आहे, साहेब. हे लोक येतच नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

"मग आज येतील," साहेब म्हणाले.

आबांच्या सुनेनं सगळ्यांसमोर घागर भरली. काठोकाठ भरलेली घागर तिनं डोक्यावर घेतली आणि मान ताठ ठेवून चालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून गावानंच विहीर सोडली! वैशाखाचं ऊन आणि सगळ्या घागरी दीड मैलावर नदीला. मी घाबरलो. "साहेब, आता काय करायचं?"

"आपण कशाला? ऊन करतंय ना!"

चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, तर विहिरीवर खुद्द पाटलांची आई. रहाट ओढता ओढता अख्ख्या गावाला ऐकवत होती, "बठ्ठं गाव येडं व्हयनं! पाणी ते पाणीज शे!"

पाटील समजूत घालायला पुढे झाले. म्हातारीनं रिकामी घागर त्यांच्या हातात दिली. "तुले नदी आवडस ना? जाय मग!"

*

यावलच्या एका केशकर्तनालयाची तक्रार होती. मालक म्हणायचा, "मी नाही कुठं म्हणतो? पण त्या लोकांचे केस राठ असतात. माझ्या हाताला ते कामच जमत नाही."

साहेब सरळ जाऊन खुर्चीत बसले. कोट बघून मालक खूश. केस कापले, दाढी केली, वर चंपीही केली.

साहेबांनी आरशात निरखून पाहिलं. "सुंदर! मीही 'त्या लोकां'तलाच. तुम्हाला हे काम उत्तम जमतं, तसं सर्टिफिकेट लिहून देऊ का?"

मालकाच्या हातातला कंगवा खाली पडला. बाहेर तक्रारदार उभे होते. मालकानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि खुर्ची झटकली.

"नंबरानं या रे!"

*

सातपुड्यातला किस्सा मात्र आमच्या कर्तबगारीचा नाही. आम्ही फक्त भाषण केलं!

तिथं जंगलखात्याचा एक साहेब होता. त्याचा मुक्काम हलला की त्याची लोखंडी खाट, ट्रंका, कोंबड्यांचं खुराडं, सगळं पाड्यावरच्या माणसांनी फुकट वाहायचं. तायडे साहेबांनी पाड्यावर बसून सांगितलं, "वेठ बंद झाली. नव्या कायद्यानं कुणालाही फुकट राबवता येत नाही." एकानंही मान हलवली नाही. आम्ही हिरमुसून परतलो.

पुढच्या मुक्कामाला जंगलाचे साहेब निघाले. माणसं नेहमीसारखी आली, मुकाट्यानं सामान उचललं. चढण सुरू झाली. अर्ध्या डोंगरात, धड खाली ना धड वर अशा जागी, त्यांनी खाट हळूच खाली टेकवली. ट्रंका टेकवल्या. खुराडं टेकवलं.

त्यांच्यातला एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "साहेब, आठलोंग जुना कायदा व्हता. आठून फुढे नवा शे!" इथवर जुना, इथून पुढे नवा!

आणि सगळे घरी गेले. कोंबड्यांसकट तो साहेब डोंगरात!

*

बोदवड स्टेशनजवळ एक चहाचं हॉटेल होतं. काही लोकांसाठीचे कप बाहेर खिळ्याला टांगलेले, बाकीचे आत फळीवर. आम्ही आत शिरलो आणि मालक साहेबांशी वाद घालू लागला, "कप वेगळे आहेत, साहेब, पण चहा तर एकच ना?"

वाद चालू असताना मागून पाण्याचा खळखळाट ऐकू आला. करीमभाईंनी आतले-बाहेरचे सगळे कप एकाच बादलीत घातले होते आणि मनापासून विसळत होते!

"शेठ, फार चिकट झाले होते. आता घ्या ओळखून आपापले."

मालकानं एकेक कप उजेडात धरून पाहिला. सगळे पांढरे, सगळ्यांना निळी रेघ. शेवटी कपाळावर हात मारून म्हणाला, "बसा सगळे! चहा टाकतो."

परतताना बसमध्ये साहेब पोट धरून हसत होते. मला मात्र हसता येईना. साहेब आमच्या घरी आले की आई त्यांना ज्या कपात चहा द्यायची, तो कप मोरीजवळच्या कोनाड्यात असायचा. हे मला माहीत होतं. साहेबांनाही माहीत असणारच.

घरी जाऊन मी तो कप घासला आणि बाकीच्यांत ठेवून दिला. आईनं रिकामा कोनाडा पाहून विचारलं, "यातला तो कुठला रे?"

"विसरलो."

आई बराच वेळ फळीसमोर उभी राहिली. मग तिनं हाताला आला तो कप घेतला आणि स्वतःसाठी चहा ओतला.

*

यावल तालुक्यात केळीच्या बागांमधल्या एका गावात सपकाळे बाई नावाच्या शिक्षिका रुजू झाल्या. बाई कुठल्या वस्तीतल्या ते कळलं आणि गावचे पुढारी नाना यांनी फर्मान काढलं, एकही मूल शाळेत जायचं नाही. महिना झाला, शाळा रिकामी. वरून पत्र आलं, "विद्यार्थी नाहीत, सबब बाईंची बदली करावी काय?" अहवाल आम्ही द्यायचा होता. बाई हलल्या असत्या, तर ही युक्ती तालुकाभर पसरली असती.

आम्ही पोचलो तेव्हा बाई रिकाम्या वर्गात हजेरी घेत होत्या. एकेक नाव मोठ्यानं, आणि प्रत्येक नावापुढे थोडं थांबून.

"बाई, रोज असंच?" साहेबांनी विचारलं.

"रोज. घंटा, प्रार्थना, हजेरी, पाढे. खिडक्या उघड्या ठेवते."

मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या निंबाखाली अख्खी शाळा गोट्या खेळत होती. पारावर नाना, पहाऱ्याला बसल्यासारखे. नाना जुनी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास, गावात त्यांच्या अक्षराचा आणि गणिताचा मोठा दबदबा.

बाई फळ्याकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "सात एके सात! सात दुणे चौदा!"

बाहेर गोट्यांचा आवाज कमी झाला.

"सात साते एकोणपन्नास! सात आठे छप्पन्न! सात नव्वे चौसष्ट!"

बाहेर गोट्या थांबल्या.

बाईंनी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं, "सात नव्वे चौसष्ट!"

"त्रेसष्ट!" पाराकडून आवाज आला. "त्रेसष्ट, बाई! पोरांना काय शिकवता हे?"

नाना उठून उभे राहिले होते.

बाईंनी खडू पुढे केला. "नाना, आत येऊन फळ्यावर लिहून दाखवा."

मुलं नानांकडे बघत होती. नाना फळ्याकडे बघत होते.

मग ते पारावरून उतरले, शाळेच्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर त्यांनी जोडे काढले.